पाचवी ओळ

कॉलनीच्या तोंडाशी, पंपघराच्या भिंतीवर, एक काळा फळा आहे. पाणी कधी जाणार, सभा कधी भरणार, कुणाचं मांजर हरवलं, सगळं त्यावर येतं. पण लोक फळ्याकडे खरं बघतात ते कुणी गेलं की. आता फोन सगळ्यांच्या खिशात असतो आणि बातमी फळ्याच्या आधी घरोघर पोचलेली असते. तरी फळ्यावर आल्याशिवाय माणूस गेला, असं इथं कुणाला पटत नाही. फोनवर काय, कुणीही काहीही लिहितं. फळ्यावर फक्त पेंटरकाका लिहितात.

पेंटरकाका मूळचे दुकानांच्या पाट्या रंगवणारे. छापील फलक आले आणि त्यांचं काम गेलं, हाताचं वळण तेवढं राहिलं. अक्षर असं, की पाणी बंद असल्याची सूचना वाचतानाही माणसानं दोन मिनिटं थांबावं. स्वभावाला मात्र असली गोलाई नव्हती. एक घाव दोन तुकडे. फळ्याचे नियम त्यांनीच केले आणि सव्वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळले. अक्षर चार बोटं उंच, म्हणजे समोरच्या इमारतीतल्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलेल्या आजोबांनाही जागचं न हलता वाचता यावं. एवढ्या अक्षरात फळ्यावर चारच ओळी बसतात. पहिलीत नाव, दुसरीत वय, तिसरीत घर क्रमांक, चौथीत निघायची वेळ. राजा असो की रंक, चार ओळी.

लिहिण्याआधी रेघा आखायच्या. खडूच्या भुकटीत घोळवलेलं सूत फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचं आणि मधोमध बोटानं उचलून सोडायचं. टप्प आवाज होतो आणि सरळ पांढरी रेघ उमटते. हे काम एकट्याचं नाही. एक टोक काकांकडे, दुसरं काकूंकडे. बातमी आली की काकू गॅस बंद करायच्या, पदराला हात पुसायच्या आणि नवऱ्याच्या मागोमाग निघायच्या. ऊन असो, थंडी असो. टोक धरून उभ्या राहायच्या आणि काकांची बोलणी खायच्या.

“वर घे. अगं, वर म्हणजे किती वर? आभाळात नको नेऊस!”

“तुम्ही आधी तुमचं टोक बघा,” काकू म्हणायच्या, आणि बहुतेक वेळा काकांचंच टोक खाली असायचं.

तीन वर्षांपूर्वी तिसऱ्या गल्लीतल्या नर्सची आई गेली. ही बाई अठरा वर्षं रोज सकाळी आणि दुपारी कॉलनीबाहेरच्या चौकात उभी राहायची आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना रस्ता ओलांडून द्यायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. हात वर केला की ट्रकसुद्धा थांबायचा. ती गेली त्या सकाळी नर्स स्वतः फळ्यापाशी आली. रडून डोळे सुजलेले, पायांत दोन वेगळ्या चपला.

“काका, एक ओळ जास्तीची लिहाल? आईनं मुलांना रस्ता ओलांडून दिला, एवढंच.”

काकांनी मान हलवली. “चारच बसतात. पाचवी घालायची तर अक्षर लहान करावं लागेल. मग लांबून वाचणार कोण? आणि आज तुला लिहून दिली, तर उद्या दुसऱ्याला नाही कसं म्हणू?”

बोलणं खोटं नव्हतं. पण खरं बोलणं कुठल्या वेळी कुणाच्या तोंडावर मारावं, याचा पोच काकांना कधीच नव्हता. नर्सनं फळ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि ती निघून गेली. सुताचं दुसरं टोक हातात धरून काकू तिथंच उभ्या होत्या. घरी परतताना त्या एवढंच म्हणाल्या, “आपली पोरगीसुद्धा त्या बाईचाच हात धरून पलीकडे गेली, विसरलात?” काका विसरले नव्हते. पण एकदा नाही म्हटलं की नाही.

तेव्हापासून नर्स काकांशी बोलली नाही.

मग काकूंना पोटाचं दुखणं लागलं. मोठ्या डॉक्टरांनी कागदपत्रं उलटसुलट बघितली आणि घरी न्या म्हणाले. रोज एक इंजेक्शन द्यायचं होतं. काकांनी कुणाला सांगितलंही नव्हतं, पण तिसऱ्या दिवशी सकाळी दारात नर्स उभी. हॉस्पिटलला जायच्या आधी यायची. हात धुवायची, काकूंच्या उशाशी बसायची, सुई कधी टोचली ते कळायचंही नाही. काकूंशी गप्पा चालायच्या, हसणंही व्हायचं. काका चहाचा कप घेऊन दारात उभे राहायचे.

“चहा घेता, सिस्टर?”

“नको,” असं ती भिंतीकडे बघून म्हणायची, आणि जाताना चपला घालण्यापुरतीच वाकायची. काकांचा चहा पाच महिने असाच गार होत राहिला.

या पाच महिन्यांत कुणी गेल्याचं फळ्यावर दोनदा लिहायची वेळ आली. काकांनी सुताचं दुसरं टोक खिळ्याला बांधून बघितलं. खिळा हलत नाही, पण वर-खालीही घेत नाही. रेघा तिरक्या उमटल्या आणि अक्षरं उतारावरून घसरल्यागत बसली. कॉलनीत कुणी चकार शब्द काढला नाही. तेच काकांना जास्त लागलं.

एका दुपारी काकूंनी त्यांना जवळ बोलावलं. आवाज पार बसला होता.

“अहो, माझं लिहाल तेव्हा काय लिहाल?”

“गप्प बस.”

“चार ओळी?”

काका उठले आणि खिडकीचा पडदा उगाच सारखा केला. कितीतरी दिवस त्यांच्या मनात तेच घोळत होतं. सव्वीस वर्षं मागे उभ्या राहिलेल्या या बाईबद्दल एक ओळ लिहिल्याशिवाय आपल्याला राहवणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. आणि लिहिली, तर तिसऱ्या गल्लीत कुठल्या तोंडानं जायचं, हेही कळत नव्हतं. स्वतःच्या बायकोसाठी बसली ना बरोबर पाचवी ओळ! सगळी कॉलनी म्हणेल, आणि का म्हणू नये?

“मला नको जास्तीची ओळ,” काकू म्हणाल्या. जणू सगळं ऐकलंच होतं त्यांनी. “त्या पोरीला द्यायची राहिली, ती द्या आधी. ती रोज येते ना, तेव्हा मला सुईपेक्षा तेच टोचतं.”

“आता? तीन वर्षांनी?”

“फळा काय पळून गेलाय?”

काकांनी हो म्हणायला हवं होतं, अगदी जिभेवर आलं होतं. पण सव्वीस वर्षांचा हट्ट एका दुपारीत सुटत नाही. उद्या म्हणू, असं त्यांनी ठरवलं. नंतर या उद्याचं त्यांना फार वाईट वाटलं. उजाडता उजाडता काकू गेल्या.

नर्स नेहमीच्या वेळेला आली ती इंजेक्शन घेऊनच. काकूंची नाडी बघितली, त्यांचे डोळे मिटवले, चादर नीट केली. मुलीला फोनही तिनंच लावला. मुलगी दुपारी पोचणार होती, म्हणून निघायची वेळ चार ठरली. शेजारणी येऊन बसल्या. काका कुठं दिसेनात तेव्हा नर्सनं गॅलरीतून वाकून बघितलं. म्हातारा खडूचा डबा आणि सुताचं रीळ घेऊन एकटाच पंपघराकडे चालला होता.

ती खाली गेली तेव्हा काका ओल्या फडक्यानं फळा पुसत होते. सूत खिळ्याला बांधायला त्यांनी हात वर केला, पण गाठ बसेना. पाट्या रंगवणाऱ्या माणसाची बोटं, शिडीच्या शेवटच्या पायरीवरही कधी न हललेली.

“सिस्टर,” मागे न वळताच ते म्हणाले, “दुसरं टोक धराल?”

ती पुढे झाली आणि सूत हातात घेतलं.

“किती ओळी?” तिनं विचारलं. तीन वर्षांत तिनं आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

“सहा. अक्षर लहान करतो.”

टप्प, टप्प, टप्प. सहा रेघा उमटल्या. दुसऱ्या रेघेला काका सवयीनं “वर घे” म्हणाले आणि तिथंच थांबले. त्यांचं टोक खाली होतं. नर्सनं तोंड फिरवून डोळे पुसले, पण सूत सोडलं नाही.

काकांनी नाव लिहिलं, वय लिहिलं, घर क्रमांक आणि वेळ लिहिली. पाचवी ओळ सोडून ते आधी सहावीवर गेले: ‘तिसऱ्या गल्लीतल्या आजींनी अठरा वर्षं मुलांना रस्ता ओलांडून दिला. लिहायचं राहून गेलं होतं, चूक माझी.’ मग पाचवीवर खडू टेकवला आणि तो बराच वेळ तसाच राहिला. मनात पानभर होतं. शेवटी उमटलं ते एवढंच: ‘सव्वीस वर्षं या फळ्याचं दुसरं टोक धरलं.’

लोक जमू लागले होते. अक्षर लहान, लांबून लागत नव्हतं, म्हणून एकेक जण पुढे सरकत अगदी फळ्याशी येऊन उभा राहिला. समोरच्या गॅलरीतले आजोबा कपाळावर हात धरून बराच वेळ बघत होते. मग ते दिसेनासे झाले. थोड्या वेळानं जिन्याच्या दारातून काठी बाहेर आली आणि तिच्यामागून ते. वर्षभरात ते खाली उतरले नव्हते. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. आजोबांनी नाक फळ्याला लागेल इतकं जवळ जाऊन सहाही ओळी ओठ हलवत वाचल्या, मग वळून नर्सच्या डोक्यावर हात ठेवला.

काका सूत गुंडाळायला लागले. नर्सनं रीळ त्यांच्या हातातून घेतलं.

“घरी चला, काका,” ती म्हणाली. “पोरगी यायच्या आत घोटभर चहा घ्या. मीही घेईन.”