प्लास्टरवर उलटा हात

गिरण्यांचा संप लांबला तशी आमच्या चाळीतली बरीच माणसं गावाला गेली. आम्ही डिलाईल रोडलाच राहिलो, कारण परळच्या हॉस्पिटलात मुलीच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. ती पाठीवर गाठ घेऊन जन्मली. गाठ काढली, पण पायांत जोर आला नाही, चिमटा काढला तरी कळायचं नाही. सात वर्षांत दोन्ही गुडघे आखडून गेले. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यामागच्या शिरा मोकळ्या करून पाय सरळ केले आणि मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं. घरी सोडताना म्हणाल्या, "प्लास्टर आत कुठे घासलं तरी ही रडणार नाही. तिला कळणारच नाही. तुम्हाला कळायला हवं."

मी चौथीत शाळा सोडलेला. विचारायला गावचं मोठं माणूसही जवळ नाही. पण मिलमध्ये मी मशीनला तेल घालायचो. बेअरिंग तापलंय का, ते आम्ही उलट्या हाताने, पंजाच्या पाठीने बघायचो. तेच प्लास्टरवर सुरू केलं, सकाळ-संध्याकाळ. शेजारचे मालवणी काका दारातून म्हणायचे, "मिल बंद आसा, पण हेचा तेलाचा खाता चालू!"

पाचव्या दिवशी डावी टाच गरम लागली. बायको म्हणाली, ऊन आलं असेल. मुलीला आतल्या बाजूला निजवलं, तासाभराने पुन्हा हात लावला. टाच तशीच. मुलगी सागरगोटे खेळत हसत होती, तेच मला बघवेना. काका टॅक्सी घेऊन आले.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई रजेवर होत्या. शिकाऊ डॉक्टरने पाहिलं. ताप नाही, वास नाही, मंगळवारी या म्हणाला. प्लास्टर काढलं आणि गुडघा परत वाकला तर ऑपरेशन फुकट जाईल, असंही म्हणाला. ती भीती मलाही होतीच. तरी मी उठलो नाही.

"साहेब, बेअरिंग जळायच्या आधी तापतं. एकदा हात लावून बघा. असा नाही, उलटा."

त्याने लावला. मग दुसऱ्या टाचेला. मग पुन्हा पहिल्या. प्लास्टर तसंच ठेवून त्याने टाचेपुरती खिडकी कापली. आत चार आण्याएवढा लालभडक डाग. कातडी अजून फुटली नव्हती.

"गुडघ्याला धक्का नाही," तो म्हणाला.

मुलगी मान उंच करून बघत होती. "बाबा, आता तेल घालणार?"

प्लास्टर निघालं तेव्हा दोन्ही गुडघे सरळ होते. मिल बंदच होती. त्या डॉक्टरसाठी पेढे नेले, तर त्याची ड्यूटी दुसरीकडे लागलेली. मग तिथेच बाकावर नंबरासाठी बसलेल्या पोरांना वाटून टाकले.