अर्धी तुळस

आमच्या घरात आईचा फोटो नव्हता, लुगडं नव्हतं, तिचा विषयही कोणी काढत नसे. होती ती फक्त माझ्या डाव्या हातावर गोंदलेली अर्धी तुळस. खाली वृंदावन, वर दोन फांद्या, आणि तिसरी काढायला घेतली तोच सुई थांबलेली. ही अशी का, हे मी बाबांना एकदाच विचारलं. ते भातगिरणीतून नुकते आले होते, अंगावर कोंडा तसाच. त्यांनी विडी पेटवली आणि ओटा उतरून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. पुन्हा विचारायची सोय राहिली नाही.

आत्या मात्र बोलायची. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि तिनेच मला वाढवलं, मायेने वाढवलं. पण माझ्या हातून काही सांडलं-फुटलं की हमखास म्हणायची, "तू आलीस नि ती गेली!" मी त्याचा एकच अर्थ घेतला, की मी जन्मले आणि त्यातच आई गेली. पुढे कधीतरी 'पांढऱ्या पायाची' हे शब्द कानावर आले, ते मी स्वतःलाच लावून घेतले. म्हणून स्थळं यायला लागली तशी मी हट्टाला पेटले. लग्न करणार नाही म्हणजे नाही! असले पाय दुसऱ्याच्या घरात नेऊन कोणाचं वाटोळं करायचं? हे कारण मात्र कोणाला सांगितलं नाही. आत्या म्हणायची, "जीभ ही असली, करनार कोन हिला?" मी म्हणायचे, "बरंच झालं."

तरी उरणकडची माणसं मला बघायला यायची ठरलीच. जेवायलाच येणार होती, म्हणून त्या सकाळी आत्याने मला पनवेलच्या मासळीबाजारात पिटाळलं. मी फणफणतच गेले. एका म्हाताऱ्या कोळणीच्या पाटीत कोलंबी ताजी दिसली. उचलून बघायला हात घातला, तर तिने माझं मनगटच धरलं.

"कोनाची गो तू?"

"हात सोड मावशी! चोरतेय का मी?"

ती कसली सोडते! ओल्या अंगठ्याने तुळस पुसून पुसून बघायला लागली. मग म्हणाली, "तू मिठागरावरची ना? ही तुलस माज्यासमोर काढली. तुजे पाय मी धरलेले. लाथा काय मारत व्हतीस, बाबा रे!"

आम्ही पनवेलला यायच्या आधी बाबा मिठागरावर कामाला होते, एवढं मला ठाऊक होतं. ही कोळीण तेव्हा दुपारची पाटी घेऊन मिठागराच्या बांधांवरून मासळी विकत फिरायची.

मी विचारलं, "आणि हात कोणी धरला होता?"

"कोन धरनार? तुजी आयस! मांडीवर घेऊन बसलेली."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. "माझी आई तर मी जन्मले तेव्हाच गेली ना?"

"कोन बोल्ला?" म्हातारी भडकलीच. "आगो, तू चालत व्हतीस! मिठाच्या राशीवर चढून चाटायचीस. ती मारायला धावायची नि हसत परत यायची. पुढच्या पावसात तापान गेली बिचारी. त्या साली घराघरात ताप व्हता."

गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण तिला कुठे पर्वा! गोंदणारीण बांधावर आली तेव्हा आईनेच तिला हाक मारून बसवलं, असं म्हातारी म्हणाली. "बोल्ली, माज्याकडं सोना नाय, पन येवढा तरी पोरीच्या हातावर राहू दे, कोन काढून घेनार नाय. नि तू रडाय लागलीस तशी तीच रडाय लागली! 'पुरे गो बाय, पुरे' करत तुला उचलून पळाली. गोंदनारीण सुई घेऊन बसली तशीच."

मला हसू आलं आणि रडूही. आई माझं रडणं बघू शकली नाही! मी जिला खाल्लं असं समजत आले, ती मला उचलून पळाली होती.

घरी येऊन मी आत्यावर तोफ डागली. आधी ती चिडली, मग माझ्याजवळ येऊन बसली. तिने खोटं असं काही सांगितलं नव्हतं. तू आलीस नि ती गेली, एवढंच. मधले माझे चालण्याचे, मीठ चाटण्याचे दिवस तिने पाहिलेच नव्हते, ती तेव्हा सासरी होती. "रागात बोलायची गो मी," ती म्हणाली. "तू असा अर्थ घेशील हे मेलं डोक्यातच नाय आलं."

तिने पाहुण्यांपुढे घालायला लांब हातांचं पोलकं काढून ठेवलं होतं. मी आखूड हातांचं घातलं.

जेवणं झाल्यावर मुलाच्या आईने माझा हात हातात घेतला. "ही अर्धीच का गो?"

आत्याने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "मी रडत होते म्हणून आईने थांबवली."

ओसरीवर पानसुपारी चालली होती, तिथे बाबांचा अडकित्ता थांबला. दारात येऊन ते म्हणाले, "उरलेली तिच्या लग्नात पुरी करीन, बोल्लेली." आईबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

पाहुणे गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "इतकी वर्षं का नाही सांगितलंत?"

"मला वाटला, ती तापान गेली हे तुला ठाऊक हाय," ते म्हणाले. "नि तुलशीचा बोलाय गेलो तर मीच रडाय लागायचो."

उरणकडून होकार आला आणि माझाही गेला. हळदीच्या आदल्या दिवशी अंगणात गोंदणारीण बोलावली. पाय धरायला मासळीबाजारातून म्हातारीला मुद्दाम आणली होती, गंमत म्हणून. हात बाबांनी धरला. सुई लागली, थोडं रक्त आलं. मी ओठ दाबून बसले होते, पण बाबांच्याच डोळ्यांना धार लागली. "पुरे गो, पुरे," ते गोंदणारणीला म्हणायला लागले.

"बाबा," मी म्हटलं, "होऊ दे आता पुरी."