माझे हात आणि व्याह्यांचा शब्द

२०२४ साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलेलं. शाळा तिसरीत सुटली, पण ओले काजूगर सोलण्यात पार्शात, आमच्या गावात, माझ्या तोडीचा कोणी नव्हता, हे मी आजही लिहून देतो.

त्या मार्चात आमचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, पाळी गावाहून राहायला आले. खाणीच्या ऑफिसात कारकुनी केलेले, वाचनवेडे. ते आले तसं घरात जो तो त्यांनाच विचारू लागला. ते समोर बसले म्हणून मी हाताला खोबरेल न लावताच आदोळीवर, म्हणजे विळीवर, काजूच्या बिया चिरायला घेतल्या. सालीचा चीक कातडी जाळतो हे मला काय माहीत नव्हतं? पण त्यांच्यादेखत तेलाची वाटी घेऊन बसायचं, ते जमेना.

दुसऱ्या दिवशी हात काजूच्या बोंडूसारखे लाल नि टम्म. बायको म्हणाली, "तेल लायात म्हणून सांगिल्लें. आयकतात खंय?"

डॉक्टर म्हणाला, इन्फ्लमेशन. घरी आल्यावर तो शब्द सांगून मी पुढे तोंड उघडलं, तोवर सुनेने वडिलांना विचारलंच, "पप्पा, म्हणजे काय हो?"

हात माझे, आणि विचारलं त्यांना.

व्याही खुर्चीत सरसावले. शब्द मूळचा लॅटिन, म्हणजे आग लावणं. इंग्रजीत ज्वाळेला फ्लेम म्हणतात ते त्यातलंच. आपला दाहही तसाच, जाळण्यावरून आला. जुन्या रोमन वैद्यांनी त्याच्या चार खुणा सांगितल्यात: लाली, सूज, उष्णता, वेदना.

"ह्या चार आमच्या म्हशीलाही ठाऊक आहेत," मी म्हणालो. "आमच्यात म्हणतात, चीक उतला. संपलं."

"तेही बरोबरच आहे," व्याही हसून म्हणाले. बायकोसुद्धा त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती. बावन्न वर्षांत माझ्याकडे तशी बघितली असेल तर मला आठवत नाही. व्याही भांडले असते तर बरं झालं असतं. त्या हसण्याने माझं जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पदेर दारात पाव देऊन गेला, चहा झाला. मी सुजल्या हातांनीच आदोळी आणि तेलाची वाटी व्याह्यांपुढे ठेवली.

"बसा."

"मला कुठे येतं, व्याही?"

"म्हणून तर. आधी तेल. कोपरापर्यंत लावा."

ते तेल लावून बसले. पहिल्याच बीचा गर त्यांनी मोडला.

"मोडला," मी म्हणालो, आत चुलीपाशी बायकोला ऐकू जाईल एवढ्याने.