जुलैनंतर साइट कोण बघणार

आयर्लंडमधल्या स्लायगोला आले तेव्हा माझ्याकडे पुण्यात वेबसाइट बनवल्याचा अनुभव होता आणि नोकरीची परवानगी नसलेला डिपेंडंट व्हिसा. नवरा हॉस्पिटलात डॉक्टर, दिवसभर बाहेर. मंदीची वर्षं. त्यामुळे पेशंटना गाडीने गॉलवेच्या हॉस्पिटलात नेणाऱ्या एका संस्थेने जुनी साइट नवी करून मागितली, तेव्हा काम फुकटाचं असूनही मी हरखले.

जुनी साइट म्हणजे कोडात हाताने लिहिलेली चार पानं. साधा फोन नंबर बदलायचा तरी कोड उघडावा लागे आणि ते तिथे कुणालाच येत नव्हतं. पानावरचा नंबर कधीच बंद पडला होता, आजारी माणसं त्यावर फोन करत बसायची.

मी ड्रुपल निवडलं. दणकट सॉफ्टवेअर, गाड्यांचं बुकिंगसुद्धा त्यात बसवता आलं असतं. शिकायला अवघड, पण मी होतेच की. मीटिंगमध्ये तावातावाने सगळं पटवून दिलं. अध्यक्षबाई निवृत्त शिक्षिका. चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, "ग्रँड, छानच. पण जुलैत तू लेटरकेनीला गेलीस की हे आम्हाला झेपेल का गं?"

"मी कुठे जातेय?"

त्यांचा हात किटलीवरच थांबला. मग त्यांच्याकडूनच कळलं, नवऱ्याने लेटरकेनीत भाड्याच्या घरासाठी त्यांच्याच बहिणीला विचारलं होतं. दर सहा महिन्यांनी इथल्या डॉक्टरांना दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात हलावं लागतं हे मला ठाऊक होतं, पण या वेळी आपण इथेच राहणार असं तोच म्हणाला होता. मी सुन्न झाले. मग संताप आला. गावाला खबर आणि बायको अंधारात.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "जुनी साइट कुणी केली होती?"

"एका डॉक्टरच्या बायकोने. गुणी मुलगी. एका जुलैत तीही गेली."

ड्रुपलचं नाव मी तिथेच खोडलं. पुढच्या आठवड्यात कुणालाही चालवता येईल असं सोपं वर्डप्रेस बसवलं आणि अध्यक्षबाईंना खुर्चीत बसवलं. एका बोटाने टाइप करत नवा फोन नंबर त्यांनीच घातला.

पण त्या मीटिंगहून घरी आले तेव्हा नवरा भात लावत होता. मी विचारलं, "लेटरकेनीचं घर मिळालं का रे?"

त्याने कुकरचं झाकण घट्ट बसवलं. "तू इतकी खूश होतीस," तो म्हणाला, "कसं सांगणार?"

मला ती आधीची बाई आठवली, जिला मी कधी पाहिलंही नव्हतं. तिला तरी कुणी वेळेवर सांगितलं होतं का?