न कळवता येणारी शकू

शकू आमच्या दाराची बेल एकदाच वाजवायची, पण ती दार उघडेपर्यंत थांबायची नाही. बेलवरचं बोट मधे काढायचं असतं, हे तिच्या गावीच नव्हतं. दार उघडावं तर एक हात बेलवर, दुसऱ्या हातात आइस्क्रीमचा जुना डबा, त्यात शेंगदाण्याची चटणी नाहीतर लिंबाचं लोणचं, आणि तोंडी ठरलेलं वाक्य, "अगं, जवळूनच चालले होते." राहायची ती बर्मिंगहॅमला. आम्ही लंडनच्या टोकाला, पिनरला. मधे मोटरवेचे चांगले दोन तास. इतक्या जवळून ही बाई नेमकी कुठे चाललेली असते, हे मी तिला कधी विचारलं नाही.

ज्यांनी ऐंशीच्या दशकात इंग्लंडात संसार केले त्यांना वेगळं सांगायला नको. इथे कोणी उठून कोणाकडे जात नाही. आधी फोन, मग दोन्हीकडच्या डायऱ्या, मग "नेक्स्ट मंथचा थर्ड संडे जमेल का?" आम्ही मराठी मंडळी तर हे असं काही शिकलो की त्यापुढे इंग्रज परवडले. नुसत्या चहाला बोलवायचं तरी तीन आठवडे आधी. शकू मात्र हे शिकायला तयार नव्हती. "डायरी बघून भूक लागते का गं तुम्हाला?" असं मला विचारायची आणि उत्तराची वाट न बघता गॅसवरच्या पातेल्याचं झाकण उचलून आत काय आहे ते बघायची.

झाकण उचलायची सवय मिरजेची. आमचे दोघींचे वडील रेल्वेत होते आणि क्वार्टर्स पाठीला पाठ लावून. मागच्या अंगणात दोन्ही घरांत मिळून एक नळ. शकू पुढच्या दारानं आमच्याकडे आल्याचं मला आठवतच नाही. मागून यायची, झाकण उचलायची, भाजी आवडीची असली तर ताट घ्यायची आणि नसली तर मला ओढत तिच्या घरी न्यायची. आई भात टाकताना तिला धरूनच टाकायची. एकदा मला गोवर झाला तेव्हा तिला सक्त ताकीद होती की तिकडे फिरकायचं नाही. ती मागच्या दारानं आली, माझ्या उशाशी बसून सागरगोटे खेळली आणि आठवड्याभरात स्वतः लाल होऊन पडली. आईनं शेवटी तिचं अंथरूणही माझ्या खोलीत घातलं आणि म्हणाली, "आता दोघी एकदमच बऱ्या व्हा."

पुढे ती डॉक्टर झाली. मी बी.ए. झाले आणि लग्न करून अरविंदबरोबर इकडे आले. अरविंद आधी हॉस्पिटलात आणि मग पिनरजवळच्या एका दवाखान्यात जी.पी. झाला. मला कौन्सिलच्या लायब्ररीत नोकरी मिळाली. शकू आमच्यामागून चार वर्षांनी आली, तिचे दिनकरराव मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून लागले तेव्हा. ती इंग्लंडात पोचल्याचंही मला बेलवरून कळलं. मी दार उघडलं तर कोट अंगाला मोठा, नाक लाल, आणि मागे दोन बॅगा घेऊन उभे असलेले ओशाळलेले दिनकरराव. "मी हिला म्हणत होतो, आधी फोन करू," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर बोलायची पाळी त्यांच्यावर फारशी आली नाही.

हॉस्पिटलात ती भूल देण्याचं काम करायची. ऑपरेशनच्या टेबलावर घाबरलेल्या म्हाताऱ्या तिच्या खास लाडक्या. मग ती म्हातारी पंजाबी असो, जमैकाची असो की बर्मिंगहॅमचीच अस्सल ब्रमी, तिचा हात हातात घेऊन शकू चक्क मराठीत सांगायची, "झोपा आता, मी आहे इथंच." मी म्हटलं, "अगं, त्यांना काय कळणार?" तर म्हणाली, "कळतं. त्या वेळेला भाषा कोण बघतंय?" आणि ती खरंच तिथेच असायची, म्हातारी जागी होईपर्यंत.

माझी आई गेली त्या दिवशीची गोष्ट मला सांगायलाच हवी. सकाळी मिरजेहून भावाचा फोन आला. मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार, तेव्हा निघू नकोस, असं त्यानंच सांगितलं. अरविंद दवाखान्यात, आमची मुलगी मीरा शाळेत. त्याला फोन करायचंही मला सुचलं नाही. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले ती दुपारपर्यंत तिथेच. आणि बेल वाजायला लागली, ती थांबेना. शकूला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. तिला सुट्टी होती, लहर आली, गाडी काढली. "जवळूनच चालले" एवढं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्याशेजारी त्या अरुंद पायरीवर कशीबशी मावली आणि माझ्याहून मोठ्यानं रडली. तिचीही ती आईच होती. संध्याकाळी तिनं पिठलं-भात केला आणि मला लहान मुलासारखा भरवला. फोन करून येणारी माणसं पुढच्या आठवड्यात आली, फुलं आणि कार्डं घेऊन.

इथे वाढलेल्या आमच्या मीराला या मावशीचं मोठं कौतुक. "मावशी, तू कॉल का नाही करतो? मम्मी एकदम पॅनिक होते, हूव्हर काढते, सगळा कार्पेट क्लीन करते," असं तिनं एकदा तोंडावर सांगितलं. शकू म्हणाली, "म्हणूनच नाही करत. मला तुझी मम्मी बघायचीय, हूव्हर नाही."

आता माझी चूक सांगते. अरविंदला दवाखान्यात पार्टनर करून घ्यायचं चाललं होतं, म्हणून आम्ही तिथल्या दोन मोठ्या डॉक्टरांना सपत्नीक जेवायला बोलावलं. मी दोन दिवस खपत होते. टेबलावर सहा पानं, नॅपकिनच्या घड्या, मेणबत्त्या. सूप वाढलं आणि बेल वाजायला लागली. शकू आत आली, सगळ्यांना "हॅलो, हॅलो" केलं, स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून आणलं आणि दोन पाहुण्यांच्या मधे बसली. स्टूल उंच, त्यामुळे ती सगळ्यांच्या वर. भाजलेल्या बटाट्यांवर तिनं आपली चटणी घातली, न विचारता थोरल्या डॉक्टरांच्या बटाट्यांवरही घातली आणि आमच्या गोवराची गोष्ट साभिनय सांगितली. मंडळी हसून बेजार झाली. थोरल्या डॉक्टरांच्या बायकोनं चटणीची रेसिपी लिहून घेतली. संध्याकाळ रंगली ती शकूमुळे, हे तिथे सगळ्यांना कळत होतं. एक मी सोडून. मी आपली सातव्या माणसाला स्वीट कसं पुरवायचं याच्या विवंचनेत.

पाहुणे गेल्यावर ती भांडी पुसत होती. मी तिच्याकडे पाठ करून म्हटलं, "शकू, फोन करून येत जा गं. इथे असं नसतं."

फडकं थांबलं. "बरं," ती म्हणाली आणि उरलेल्या बश्या पुसून जागेवर ठेवून गेली.

पुढच्या महिन्यात तिचा फोन आला. "विमल, शनिवारी येऊ का? तुला सोयीचं आहे ना?" जन्मभर तिनं मला विमे म्हटलं होतं. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरं वाटलं. चला, शिकली एकदाची! मग ती नेहमी फोन करून यायला लागली. बेल वाजवून बोट काढून घ्यायची. झाकणं उचलेनाशी झाली, मी वाढेपर्यंत बसून राहायची. कधी मी "या शनिवारी नको, पुढच्या ये" म्हणायची आणि ती "हो हो, चालेल" म्हणायची. पुढचा शनिवार कधी तिला जमायचा नाही, कधी मला. अशी चार-पाच वर्षं गेली. काहीतरी हातातून जातंय हे मला कळत होतं. "मी तेव्हा मूर्खासारखं बोलले गं," एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. आज म्हणू, उद्या म्हणू करत राहिले.

आजाराचंही तिनं फोनवरच सांगितलं, डॉक्टर एखाद्या पेशंटचं सांगतात तसं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, महिने थोडे, हॉस्पिटलात पडून राहायचं नाही, घरीच राहणार. मी विचारलं, "मी कधी येऊ?" ती म्हणाली, "ये की. कधीही ये." मी काय केलं असेल? दिनकररावांशी बोलून रविवार ठरवले. त्यांनाही बरं, नर्सची वेळही सांभाळली जाते. दर रविवारी अकराला मी तिथे हजर. तिचे पाय चेपायची, मऊ भात करायची. ती मिरजेच्या गप्पा काढायची आणि बोलता बोलता तिचा डोळा लागायचा. ते वाक्य मला तिथेही म्हणता आलं नाही. आजारी माणसापुढे जुनं कशाला उगाळायचं, अशी स्वतःची समजूत घातली.

एका गुरुवारी लायब्ररीत पुस्तकं लावताना मला एकदम तिच्याकडे जावंसं वाटलं. कारण काही नव्हतं. अर्धी रजा टाकून घरी आले, कोट चढवला, गाडीची चावी घेतली. आणि दारापाशी विचार आला की ती झोपली असेल, नर्स आलेली असेल, दिनकररावांची धांदल होईल, आधी विचारलेलं बरं. फोन केला. बराच वेळ वाजला, कोणी उचलला नाही. थोड्या वेळानं पुन्हा केला. म्हटलं, झोपलेत दोघं. कोट काढून ठेवला. आता रविवारी जायचंच आहे.

शुक्रवारी सकाळी दिनकररावांचा फोन आला.

इथे मेल्यावरही अपॉइंटमेंट मिळावी लागते. क्रिमेटोरियमची वेळ मिळायला दहा दिवस गेले, आणि मिळाला तो अर्धा तास. हॉस्पिटलातल्या बायका आल्या होत्या. त्यांतली एक काळी, उंच नर्स माझा हात धरून म्हणाली, "झोपा आता." अर्थ तिला ठाऊक नव्हता. शकूचं ऐकून ऐकून पाठ झालं होतं आणि चांगलं काहीतरी असणार एवढं तिला कळलेलं होतं. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका दुपारी मी गाडी काढली आणि फोन न करता बर्मिंगहॅमला गेले. दिनकररावांनी दार उघडलं ते बनियनवर. "काय झालं, विमलताई?" ते घाबरूनच गेले. काही नाही, सहज आले, म्हटल्यावर त्यांनी शर्ट घातला आणि चहा केला. घर नीटनेटकं होतं, फार नीटनेटकं. चहा अर्धा झाल्यावर मी त्यांना त्या गुरुवारचं सांगितलं. मी निघत होते, फोन केला होता, दोनदा केला होता.

ते कपात बघत म्हणाले, "माहीत आहे. आम्ही घरातच होतो."

मी कप खाली ठेवला.

"मी उचलायला उठलो तर म्हणाली, थांबा. विमीच असेल. उचललात तर ती विचारेल, येऊ का. नाही उचलला तर काळजीनं धावत येईल." दिनकररावांनी चष्मा काढून पुसला. "पुन्हा वाजला तेव्हा हसली. म्हणाली, आता निघाली बघा. दोन तास लागतात तिला. मला भात टाकायला लावला, तुमच्यासाठी. मधून मधून विचारायची, आज मोटरवेला ट्रॅफिक असेल का हो?"

"मग?"

"संध्याकाळ व्हायला लागली. मला बघवेना. खाली गेलो, परत वर आलो आणि सांगितलं, अरविंदरावांशी बोललो, विमलताई निघाल्यात, वाटेत आहेत. जन्मात तिच्याशी खोटं बोललो नव्हतो. ती म्हणाली, मग दार नुसतं लोटून ठेवा, मी जरा पडते. त्यानंतर काही बोलली नाही."

मी त्यांच्यासमोर रडले, अगदी हमसून. ते वाक्य शेवटी त्यांनाच म्हटलं, मी तेव्हा मूर्खासारखं बोलले होते. शकू माझी वाट बघत गेली, हे दुःख माझ्याबरोबरच जाईल. पण मी येते आहे असं समजून ती झोपली, आणि ते त्या भल्या माणसाच्या एका खोट्यामुळे. त्यासाठी मी त्यांना काय म्हणणार होते? डोळे पुसले, उठले, आणि दोघांपुरता भात टाकला.