मामींचा उंबरा

आमच्या मामांनी जन्मात कधी नवी वस्तू घेतली नाही, अशी शपथ शिरूरपासून दौंडपर्यंतचा कुठलाही भंगारवाला डोळे मिटून घेईल. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. रांजणगावच्या एका कंपनीत वॉचमन होते. रिटायर झाले आणि त्यांनी कारेगावच्या कडेला घर बांधायला काढलं. लोक आधी भिंती बांधतात, मग खिडक्या बसवतात. मामांनी आधी खिडक्या जमवल्या आणि त्यांच्या मापानं भिंती उभ्या केल्या. दौंडला कुठलीशी शाळा पाडली, तिची कौलं छपरावर चढली आणि फळ्याचं स्वयंपाकघराला दार झालं. मशिनच्या खोक्यांच्या फळ्यांचा माळा झाला. न्हाणीच्या भिंतीत तर हिरव्या बाटल्याच चिणल्या होत्या. मी पहिल्यांदा तिथं आंघोळ केली तेव्हा बाहेरून आवाज आला, "जावईबापू, लाईट फुकाट हाय बरं का!" थट्टा सोडा, पण भर उन्हाळ्यात त्या घरात पंखा लागत नाही.

अडलं ते मामींपाशी. जन्म भाड्याच्या एका खोलीत काढलेली बाई. तिनं फळा सोसला, बाटल्या सोसल्या. पण उंबरा नवाच पाहिजे म्हणून हटून बसली. "जुन्या उंबऱ्यावर दुसरीनं हळदीकुंकू वाह्यलेलं असतंय. तिच्या उंबऱ्यावरनं मी माझ्या घरात यायची न्हाई." मामांनी एकाहून एक जुने सागवानी उंबरे आणून दाखवले. मामींनी मान डोलावली नाही. आठ महिने मामा नव्या घरात एकटे झोपत आणि जेवायला मामींच्या खोलीवर जात. हळूहळू दोघांचं बोलणंच कमी झालं, तेव्हा मात्र मला काळजी वाटायला लागली.

एका सकाळी मामा म्हणाले, "जावईबापू, गाडी काढा. शिरूरला वखारीत जायचंय." तिथं त्यांनी कोऱ्या लाकडावरून संशयानं हात फिरवला आणि मालकाला हळूच विचारलं, "ह्येच जरा वापरलेलं न्हाई का?" मग स्वतःच ओशाळून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. कापा."

उंबरा बसला. मामी हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या, खाली वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"खरंच नवा हाय?"

"व्हय. आता तुझ्याच हळदीनं जुना व्हऊ दे."

मामींनी पदरानं डोळे टिपले, पूजा केली आणि आत गेल्या. मामा बाहेरच उभे.

"या की आत," मामी म्हणाल्या.

"थांब गं. जरा बघू दे."

उंबऱ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. ते घरात उभ्या असलेल्या मामींकडे बघत होते. पुण्यात आमचा फ्लॅट कोरा करकरीत आहे. पण आत आलेल्या बायकोकडे असं दारात थांबून बघावं, हे मला कधी सुचलं नव्हतं, याचं तेव्हा फार वाईट वाटलं.