भात कोण आणणार?

आमच्या ऑफिसातले किस्से प्लास्टिकच्या कचऱ्यासारखे साचतात. इथे योकोहामात उचलायचा वार चुकला की आठवडाभर घरात! म्हणून आज काढतेच बाहेर.

आमचं काम म्हणजे भर समुद्रात पवनचक्क्या लावायच्या, केबल टाकायची आणि जपान-कोरियाने वीज वाटून घ्यायची. सगळं कॉम्प्युटरवर हं! जपानची बाजू माझी, कोरियाची मिन-सानची. ती सोलची, माझी मैत्रीण. बॉस सातो-सान मार्चमध्ये रिटायर होणार. त्याआधी हे मॉडेल कमिटीने पास करावं, एवढी एकच त्यांची इच्छा.

*

आई फोनवर विचारते, "लावल्या का गं पवनचक्क्या?"

"अगं, कॉम्प्युटरवर लावतो आम्ही."

"आणि वीज?"

"तीही कॉम्प्युटरवर."

"पगार तरी खरा देतात ना?"

*

एकदा नकाशा घेऊन मच्छीमारांच्या गावी गेलो. मी ऐटीत दाखवलं, "ही जागा रिकामी आहे."

एका आजोबांनी चष्मा लावला, नीट बघितलं. "रिकामी? मग इतकी वर्षं मी माकुल कुठून आणतोय?"

सातो-सान तिथल्या तिथे कमरेत वाकले, माफी मागितली. त्या पवनचक्क्या त्याच दिवशी मॉडेलमधून गेल्या. चूक माझी होती, मला अवाक्षर बोलले नाहीत.

*

शेवटी रिझल्ट आला. मॉडेलमध्ये कडाक्याची थंडी, आठवडाभर वारा नाही, तरी दोन्ही देशांत एक मिनिटही अंधार नाही! मिन-सान आणि मी तर नाचायच्याच बाकी होतो.

सातो-सान म्हणाले, "फारच छान आहे." ते असं म्हणाले की समजायचं, काहीतरी खटकतंय.

*

सोमवारी कमिटी, म्हणून शनिवारी पार्कात डबा पार्टी केली. मी आमटी नेली, मिन-सानने किमचीचा रस्सा, सातो-साननी भाजलेले मासे. डबे उघडले. भात कुठाय?

"मला वाटलं तू आणशील!" मी म्हणाले.

"मला वाटलं तू!" मिन-सान म्हणाली.

तीन भातखाऊ देशांची माणसं, आणि शीतभर भात नाही! आम्ही हसून हसून बेजार. सातो-सान मात्र हसेनात.

"शुभा-सान, त्या बिनवाऱ्याच्या आठवड्यात जपानला वीज कुठून आली?"

"कोरियातून. शेजारी देईल असं धरलंय ना मी."

त्यांनी मिन-सानकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता.

"मी... जपानकडून धरलीय."



*

सोमवारी लिफ्टमध्ये मी हळूच म्हटलं, "सातो-सान, कमिटीच्या लक्षात नाही येणार. तुमचं शेवटचं काम आहे हो हे."

दार उघडलं तसे ते पुढे चालू लागले.

कमिटीची माणसं फायली उघडून बसली होती. सातो-सान उभे राहिले, पार कमरेतून वाकले आणि म्हणाले, "माफ करा. भात कुणीच आणलेला नाही."